एका खटक्यामागचा माणूस

लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प डोळे भरून पाहिले, गाडीत येऊन बसलो आणि किल्ली फिरवली, तर नुसतेच कट्-कट्-कट्. इंजिन हूं की चूं करीना. गावातला एक तरुण मेकॅनिक आला. मला काका म्हणत त्याने आधी हेडलाइट लावायला सांगितले, मग सेल्फ मारायला. दिवे पार विझल्यासारखे झाले. तेवढ्यावर त्याचे निदान झाले. दिवे लख्ख राहून एकच मोठा खटका आला असता, तर दोष सेल्फच्या मोटारीत किंवा तिच्या सोलेनॉइडमध्ये असता. दिवे मंदावतात आणि खटके भराभर येतात, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा तिची जोडणी सैल. त्याने बॉनेट उघडले. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. आधी निगेटिव्हची तार सोडवली, मग पॉझिटिव्हची. गरम पाण्याने धुतले, कोरडे केले, पॉलिश पेपर मारला, आवळले. दहा मिनिटांचे काम! बॅटरीच उतरलेली असती, तर दुसऱ्या गाडीवरून केबल लावावी लागली असती.

गंमत अशी, की खटका वाजवायला वीज थोडीच पुरते. इंजिन फिरवायला मात्र एका दमात शंभराहून अधिक अँपिअर लागतात. बुरशीतून थोडी वीज वाट काढते, लोंढा अडतो. हा लोंढा काही क्षणांपुरता वापरावा, हे ज्याला सुचले, त्या चार्ल्स केटरिंगबद्दल मला अनेक वर्षे कुतूहल आहे. त्याची ही कल्पना दुकानाच्या गल्ल्यातून आली. जन्म बँकेच्या कॅश काउंटरमागे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याचे अप्रूप वाटणारच.

केटरिंग 1876 साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर जन्मला. डोळे अधू. त्यापायी कॉलेज अर्धवट सुटले, मग गडी टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत राबला. पुन्हा शिकायला बसून 1904 मध्ये, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, इंजिनिअर झाला आणि डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागला. गिऱ्हाइकाची उधारीची पत दुकानदाराला टेलिफोनच्या तारेवरून कळावी, अशी सोय त्याने तिथे केली. पुढे हाताने हँडल फिरवून चालणाऱ्या गल्ल्याला विजेची मोटार बसवली. गल्ला उघडायला क्षणभराचा जोर लागतो. मग मोटार दिवसभर चालेल एवढी दणकट कशाला? लहानशीच घ्यावी, क्षणभर तिच्या ताकदीबाहेर राबवावी आणि सोडून द्यावी.

तेव्हा मोटारगाड्यांना पुढून हँडल मारावे लागे. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडर-फियाटवाल्यांना ते आठवेल. अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नये, ही पहिली ताकीद असे, कारण इंजिन उलटे फिरले की हँडल मनगट मोडी. बायरन कार्टर नावाच्या मोटारउद्योजकाचा 1908 मध्ये मृत्यू झाला. हँडलचा तडाखा जबड्यावर बसल्याचे निमित्त झाले, अशी हकिकत सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ती मनाला लावून घेतली आणि काम केटरिंगकडे आले. सहकारी एडवर्ड डीड्सच्या घरामागच्या कोठारात रात्री-अपरात्री खपून या मंडळींनी सेल्फ-स्टार्टर बनवला. तज्ज्ञांच्या हिशेबाने त्यासाठी इंजिनाएवढीच मोटार लागली असती. केटरिंगने गल्ल्याची युक्ती लावली. 1912 च्या कॅडिलॅकला सेल्फ आला आणि मनगटांचा वनवास संपला. गाडी चालवणे बायकांना सोपे झाले, ही मला या शोधाची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

इथे थांबलो तर चरित्र गोडगोड होईल. जनरल मोटर्सच्या संशोधनाची सूत्रे 1920 ते 1947 केटरिंगकडे होती. इंजिनातले नॉकिंग थांबवण्यासाठी त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून पाहिले. शिसे विषारी, हे तेव्हाही जगाला ठाऊक होते. अल्कोहोल मिसळले तरी काम भागते, हे खुद्द त्यांनाच ठाऊक होते. पण शिसे चिमूटभर पुरे, आणि त्याचे पेटंट हाती राही. 1924 मध्ये त्यासाठी इथिल कंपनी निघाली, केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. धूर जगभरच्या पोरांच्या रक्तात उतरत राहिला. माणूस लोभी नव्हता म्हणावे, तर हिशेब तसा लागत नाही. मनगटांची काळजी वाहणाऱ्याला फुफ्फुसांची वाहता आली नाही, असे मी तरी मानतो.

1945 मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर त्याने न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. पुढल्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कर्करोगानेच गेली. 1958 मध्ये तो स्वतः वारला. भारतात शिशाचे पेट्रोल 2000 साली बंद झाले. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे 2021 उजाडले. शिसे आता बॅटरीत तेवढे उरले आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात, म्हणजे मिजलीने तेव्हा बाजूला ठेवलेले तेच अल्कोहोल, आणि ते आपल्याकडे उसापासूनही निघते.