नाताळ न पाळणारे पाद्रीसाहेब

नागपुरात राहणाऱ्या माणसाला हिस्लॉप हे नाव ठाऊक नाही असे सहसा होत नाही. कुणाचा मुलगा तिथे शिकलेला असतो, कुणाची भाची. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कॉलेजचे नाव आपण इतक्या वेळा उच्चारतो, की ते कुणा माणसाचे नाव होते हेच विसरायला होते. डिसेंबर आला, कामठीच्या छावणीतल्या जुन्या चर्चवर रोषणाई झाली, बेकऱ्यांतून केकचे वास यायला लागले, की मला मात्र या माणसाची आठवण होते. परमुलखात येऊन एकोणीस वर्षे ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्या या पाद्रीसाहेबांच्या घराण्यात आणि पंथात नाताळ हा सणच नव्हता.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावातला. वडील दगडी बांधकाम करणारे गवंडी. घरात देवभक्ती कडक. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चला सणवारांचे वावडे होते. जे बायबलात सांगितलेले नाही ते पाळायचे नाही, असा सरळ हिशेब. सतराव्या शतकात तिथल्या पार्लमेंटने नाताळवर बंदीच घातली होती आणि तिकडे नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८मध्ये. हिस्लॉप यांचे थोरले बंधू अलेक्झांडर तर आणखी पुढचे. त्यांनी एक गाजलेले पुस्तक लिहिले. २५ डिसेंबर हा मूर्तिपूजकांचा जुना दिवस आहे, ख्रिस्ताशी त्याचा संबंध नाही, हे त्यातले एक प्रतिपादन. असे हे घर.

धाकट्या स्टीफनचे शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगोत झाले. त्याच काळात, मे १८४३मध्ये, स्कॉटलंडचे चर्च फुटले. पाद्री नेमण्याचा हक्क गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा, या वादावरून सुमारे एक तृतीयांश पाद्री आपली घरे आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. तत्त्वासाठी भाकरीवर लाथ मारणारी ही पिढी होती, हे लक्षात घेतले म्हणजे हिस्लॉप यांचा स्वभाव कळायला मदत होते. या नव्या चर्चने त्यांना नागपूरसाठी निवडले. कामठीच्या छावणीतले मद्रास फौजेतले कॅप्टन हिल यांनी या भागात मिशन सुरू व्हावे म्हणून पदरची मोठी रक्कम देऊ केली होती. पैसा तयार होता, माणूस हवा होता.

डिसेंबर १८४४मध्ये हिस्लॉप पत्नी एरास्मा यांच्यासह मुंबईत उतरले. लग्न त्याच वर्षी झालेले. वय सत्तावीस. मुंबईत वातावरण तापलेले होते. आदल्याच वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म घेतल्याने मोठी खळबळ उडाली होती आणि घरोघर आया मुलांना मिशनच्या शाळेतून काढून घेत होत्या. अशा गावात या दोघांचा हिंदुस्थानातला पहिला डिसेंबर गेला. पुढे नागपूरपर्यंत आठशे किलोमीटरहून जास्त रस्ता. रेल्वे नागपूरला आली १८६७मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांना ती कधी मिळालीच नाही. फेब्रुवारी १८४५मध्ये ते कामठीला पोचले.

कामठी तेव्हा काय होती? कन्हान नदीच्या काठी १८२१मध्ये वसवलेली इंग्रजांची छावणी. नागपूर शहर भोसल्यांचे, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आणि पंधरा-सोळा किलोमीटरवर ही फौज, असा मामला. पलटणी मद्रासच्या. त्यामुळे बाजारात तमिळ, तेलुगू आणि हिंदुस्थानी, आजूबाजूच्या खेड्यांत मराठी आणि जंगलाकडे वळले की गोंडी. नवख्या पाद्र्याने बोलायचे कोणत्या भाषेत? हिस्लॉप मराठी शिकायला बसले. पुढे गोंडीचेही शब्द गोळा करू लागले.

छावण्यांत नाताळ म्हणजे बडा दिन. साहेबांच्या बंगल्यावर फळांच्या, मिठाईच्या डाल्या यायच्या, मेजवान्या झडायच्या, बॅरेकमध्ये गोऱ्या शिपायांची दारू वाहायची. इथल्या लोकांना साहेबाचा धर्म दिसायचा तो असा. ज्यांच्यासाठी आपण सातासमुद्रापार आलो त्यांना आपला धर्म म्हणजे ही डाली आणि ही बाटली वाटते, हे त्या गवंड्याच्या मुलाला किती लागले असेल याची कल्पना करता येते. घरापासून दूर असलेल्या माणसाला सणाच्या दिवशी घर आठवते. यांच्या तर घरी सणही नव्हता आठवायला.

तेव्हा सण नाही, तर काम. १८४६मध्ये त्यांनी नागपूर शहरात शाळा उघडली. छावणीत इंग्रजांचा कायदा होता, शहरात तिसरे रघूजी राजे. शाळेत बायबल होते, म्हणून पोरे बाटतील ही धास्ती होती. इंग्रजी आणि गणित होते, म्हणून पोरे येतही होती. आपल्या आजे-पणज्यांचा हा व्यवहारीपणा मला नेहमी गमतीचा वाटतो. मुलगा पाद्र्याकडे पाठवायचा, पण घरी आला की आधी आंघोळीला पिटाळायचा. १८४७मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी राजे वारले, औरस वारस नव्हता, आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राज्य बुडाले, शाळा चालू राहिली.

धर्मांतराची गोष्ट टाळून हिस्लॉप यांच्याविषयी लिहिणे हा लबाडपणा होईल. ते त्यासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. आपला तोच खरा धर्म आणि इथले सारे अंधारात, ही त्यांची समजूत होती. ती आपल्याला खटकते, खटकायलाच हवी. बँकेत हयात गेल्यामुळे असेल, मला अशा माणसाचा ताळेबंद मांडावासा वाटतो. ज्या खात्यावर रक्कम पाठवली गेली त्या खात्यात जमा फारच थोडी. बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके. पण ज्या खात्यांचा मूळ अर्जात उल्लेखही नव्हता, तिथली शिल्लक आजतागायत संपलेली नाही.

ती खाती उघडली हिवाळ्यात. विदर्भातला उन्हाळा तुम्हाआम्हाला सोसत नाही, तिथे स्कॉटलंडच्या माणसाची काय कथा. पावसाळ्यात काळ्या मातीतून बैलगाडी निघत नाही. म्हणून मिशनरी आणि अंमलदार दोघेही थंडीत, नाताळच्या सुमाराला, तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. गावोगाव चावडीपुढे, आठवडी बाजारात उभे राहून मराठीत बोलायचे, पुस्तके द्यायची, पुढचे गाव गाठायचे. हिस्लॉप वाटेत खाली बघत चालायचे. गवंड्याच्या मुलाची नजर दगडावर जाणारच.

१८५१मध्ये सीताबर्डीपासून थोड्या अंतरावरच्या टाकळीजवळ फिरताना हिस्लॉप आणि हंटर यांना खडकात गोगलगाईंचे शिंपले सापडले. गोड्या पाण्यातले. हे महत्त्वाचे का? आपला काळा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्या लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे तळ्यातले शिंपले, याचा अर्थ एक लोंढा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी मधे बराच काळ गेला होता. त्या काळात इथे तळी होती, झाडे होती, जीव नांदत होते. या थरांचा अभ्यास पुढे जगभर झाला, त्याची सुरुवात करणाऱ्यांत हे दोघे. त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५मध्ये छापून आला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी केले. ओवेन म्हणजे डायनोसॉर हा शब्द घडवणारे. चंद्रपूर भागातल्या पिसदुऱ्याला तर हिस्लॉप यांना खुद्द डायनोसॉरची हाडे मिळाली. नागपूरच्या तळ्यातल्या एका सूक्ष्म जीवाला मुंबईचे डॉ. कार्टर यांनी १८५८मध्ये हिस्लोपिया असे नाव दिले. एका खनिजाचेही नाव हिस्लोपाइट झाले.

कामठीच्या जवळच सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. ग्लॉसोप्टेरिस असे त्या झाडाचे नाव. अडीचशे दशलक्ष म्हणजे २५ कोटी वर्षांच्या आसपासचे हे खडक. हीच पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडतात, आणि हे सगळे भूखंड एके काळी जोडलेले होते या सिद्धांताला त्यातूनच आधार मिळाला. त्या जुन्या महाखंडाला नाव मिळाले गोंडवाना. आणि त्यातल्या एका खडकसमूहाला भूशास्त्रज्ञ आजही कामठी म्हणतात. आमच्या कामठीकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

गोंडवाना हा शब्द आला गोंडांवरून, आणि गोंडांकडे हिस्लॉप यांचे मन विशेष ओढले होते. ते येण्याआधी काही जर्मन कारागीर-मिशनरी अमरकंटकच्या बाजूला गोंडांमध्ये राहायला गेले होते. १८४२मध्ये काही महिन्यांतच कॉलऱ्याने त्यांतले चौघे गेले. वाचलेले पुढे नागपूरच्या मिशनला येऊन मिळाले. हिस्लॉप स्वतः शब्दांच्या याद्या करीत, चालीरीती टिपून ठेवीत. एका परधानाकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. गोंड कसे जन्मले, गुहेत कसे कोंडले गेले, लिंगोने त्यांना कसे सोडवले आणि कुळे कशी वाटून दिली, त्याची ती कथा. जे देव खोटे म्हणून सांगायला हा माणूस आला, त्या देवांची कहाणी त्याने शब्दाला शब्द लावून लिहून घेतली. तिच्यात आपल्या पदरचे काही घालावे असे त्याला वाटले नाही. मला हिस्लॉप मोठे वाटतात ते इथे.

१८६१मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि रिचर्ड टेम्पल त्याचे प्रमुख म्हणून आले. त्यांना जुन्या वस्तूंची आवड, हिस्लॉपना त्यांची माहिती. सप्टेंबर १८६३च्या सुरुवातीला दोघे बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेले. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेली ती प्राचीन दफने. नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले ते त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. हिस्लॉप यांचा हा दौरा हिवाळ्यातला नव्हता. पावसाचे दिवस होते, ओढे भरलेले. ४ सप्टेंबरला मुक्कामाकडे घोड्यावरून परतताना अंधारात ते एका फुगलेल्या ओढ्यात बुडाले. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षे पुरी झाली असती.

त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झाले. शाळेचे १८८३मध्ये कॉलेज झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. त्या कॉलेजला दर वर्षी नाताळची सुट्टी असते, हे त्या घराण्याला कितपत रुचले असते सांगवत नाही.

टेम्पल यांनी मित्राचे कागद गोळा केले. टिपणे अर्धवट होती, काही ठिकाणी नुसते शब्द. ती नीट लावून, टीपा जोडून १८६६मध्ये त्यांनी ग्रंथ छापला, आणि लिंगोचे गीत गोंडी शब्दांसह पहिल्यांदा पुस्तकात आले. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी दर माघी पौर्णिमेला गोंडांची मोठी यात्रा भरते. लिंगोने आपल्या माणसांना सोडवले ती हीच गुहा, असे तिथे जमणारे मानतात, आणि रात्रभर तीच कथा गायली जाते.