अवधाण, धनुर्वात आणि हाफकिन

आमच्या उलव्यात इमारतींची कामे संपता संपत नाहीत. मध्यंतरी नातवाच्या पायात गंजका खिळा घुसला. डॉक्टरांनी जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दोन दिवसांनी पोराच्या जांघेत बोराएवढी गाठ आली आणि सूनबाईंचे तोंडचे पाणी पळाले. डॉक्टर हसले. आमच्या आईच्या भाषेत ते अवधाण होते. जखमेतले जंतू वर चढू नयेत म्हणून जांघेतल्या लसिका ग्रंथीत पांढऱ्या पेशी जमतात, ती ही गाठ.

मला मात्र त्या रात्री आठवले ते वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव ठाऊक नाही असा मुंबईकर विरळा. पण ज्यांच्यावरून ते पडले, त्यांचे आयुष्य फारच थोड्यांना माहीत असते.

जन्म 1860 सालचा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. तिथे मेचनिकॉफ त्यांचे गुरू. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळतात, हे जगाला दाखवून देणारे ते हेच. पुढे हाफकिन पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले, तेही ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर. तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस केली आणि 1892 मध्ये स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, आणि ते नाव अगदी नेमके होते. पिसवा पायाला चावतात, जंतू जांघेतल्या ग्रंथीत शिरतात, आणि जी गाठ आपले रक्षण करायची तिचाच उकिरडा होतो. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काम मांडले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे, की झाली लस! आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे कामी आले, याची मला उगाचच मौज वाटते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगनेच गेल्या. 1899 मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली.

आणि मग धनुर्वात आडवा आला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. धनुर्वाताचे जंतू जखमेतच राहतात. त्यांचे विष मात्र मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि माणूस धनुष्यासारखा वाकतो. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना कामावरून दूर केले. खरे कारण गावातच होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हे मान्य व्हायला 1907 उजाडले, तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापल्यावर. तोवर पाच वर्षे गेली होती. मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. मला हा अन्याय अजून टोचतो.

हाफकिन यांच्या काळी गाठ वेगळी आणि मज्जातंतू वेगळे, अशीच समजूत होती. 1980 च्या दशकात प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत मज्जातंतूंची टोके पांढऱ्या पेशींना अगदी खेटून असलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. त्या टोकांतून झरणारे नॉरअॅड्रेनलिन या पेशी ओळखतात आणि त्याप्रमाणे आपले काम वाढवतात किंवा आवरते घेतात. उलट त्या पेशींतून निघणारी रसायने मज्जातंतूंना डिवचतात. जखम पायाला असूनही पोर मलूल होऊन कोपऱ्यात निजले, त्यामागे अशीच काही देवाणघेवाण असते.

1925 मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. 1930 च्या ऑक्टोबरात लोझानला ते वारले. लग्न केले नव्हते. परवा अटल सेतूवरून शिवडीला उतरून परळला गेलो, तर नातू बरोबर होता. त्याचे अवधाण कधीच विरले होते. संस्थेच्या फाटकावरचे नाव त्याने मोठ्याने वाचले आणि हा माणूस कोण, असे विचारले. घरी पोचेपर्यंत मी सांगत होतो.