कुरूप पिल्लाचा कथाकार

मुलांनो, बदकांच्या पिलांत वाढलेल्या एका कुरूप पिल्लाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. सर्वांनी हिणवलेले ते पिल्लू शेवटी राजहंस निघते. याच कल्पनेवर ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले गीत महाराष्ट्रात घरोघरी आवडीने गाइले जाते. मूळ कथा मात्र डेन्मार्क देशातील हान्स ख्रिश्चन अँडरसन या लेखकाची. ती १८४३ साली प्रसिद्ध झाली. त्या पिल्लाच्या वाट्याला आलेली अवहेलना अँडरसनने स्वतः सोसलेली होती.

ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी एका गरीब कुटुंबात हान्सचा जन्म झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत आणि आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. वडिलांना वाचनाची गोडी होती. अरबी भाषेतील सुरस कथा ते मुलाला वाचून दाखवीत. त्यांनी त्याला बाहुल्यांचे एक छोटेसे नाटकघरही करून दिले होते. त्या बाहुल्यांना कपडे शिवावेत आणि त्यांच्या तोंडी मनाजोगे संवाद घालावेत, यात हान्स तासन् तास रमून जाई. पण १८१६ साली वडिलांचे छत्र हरपले. मुलाचे शालेय शिक्षणही धड झाले नाही. रंगभूमीवर नाव मिळवावे या एकाच ध्यासाने चौदा वर्षांचा हान्स १८१९ च्या सप्टेंबर महिन्यात एकटाच राजधानी कोपनहेगन येथे आला.

त्याचा गळा गोड होता. परंतु थोड्याच काळात आवाज फुटला आणि गायनाची वाट बंद झाली. नृत्यातही त्याला यश आले नाही. मग त्याने नाटके लिहून तेथील राजनाट्यगृहाकडे पाठविली. त्यांतील भाषा इतकी सदोष होती की, ती रंगभूमीवर येणे शक्यच नव्हते. तथापि नाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलीन यांना त्या चुकांच्या आड दडलेली प्रतिभा दिसली. त्यांनी खटपट करून हान्सच्या शिक्षणासाठी राजाकडून द्रव्यसाहाय्य मिळविले आणि १८२२ साली त्याला स्लागेल्से गावच्या शाळेत धाडले.

सतरा वर्षांचा हा उंच, हडकुळा तरुण तुमच्याएवढ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसू लागला! मुख्याध्यापक मायस्लिंग हे विद्वान होते. पण त्यांच्या ठिकाणी सहानुभूती नव्हती. ते त्याला भर वर्गात मूर्ख ठरवीत आणि त्याच्या कवितांची टर उडवीत. हान्स रात्र रात्र जागून अभ्यास करी. तरीही शब्दांतील अक्षरे चुकत ती चुकतच. आपण खरोखरच निर्बुद्ध आहोत की काय, या शंकेने त्याचे मन खचू लागले. अखेर एका शिक्षकांनी ही हकिकत कोलीन यांच्या कानांवर घातली. कोलीन यांनी १८२७ साली त्याला शाळेतून काढून राजधानीत खाजगी शिकवणीची सोय करून दिली. तेथे मायेने शिकविणारा गुरू लाभला आणि पुढच्याच वर्षी हान्स विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला.

बुद्धी चांगली असूनही काही मुलांना अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालणे फार जड जाते. त्यामुळे ती वाचताना अडखळतात व लिहिताना चुकतात. या अडचणीला आज डिस्लेक्सिया असे नाव आहे. हा आळस नव्हे आणि मंदपणाही नव्हे. योग्य पद्धतीने शिकविल्यास अशी मुले उत्तम शिकतात. परीक्षेत त्यांना अधिक वेळ व अन्य सवलतीही मिळतात. अँडरसनच्या काळी ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. त्याची अडचण हीच होती, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते मान्य नाही. मात्र त्याचे शुद्धलेखन जन्मभर कच्चे राहिले, हे त्याच्या हस्तलिखितांवरून स्पष्ट दिसते.

मग त्याने काय केले? लेखणी खाली ठेवली नाही. कोलीन यांचे पुत्र एडवर्ड त्याची हस्तलिखिते तपासून देत. असे साहाय्य त्याने घेतले. आपले खरे बळ जिभेवर आहे, हेही त्याने ओळखले. मुलांना गोष्ट सांगता सांगता तो कात्रीने कागदाची सुंदर चित्रे कापी. १८३५ साली त्याच्या परीकथांची पहिली पुस्तिका निघाली, तेव्हा तीत त्याने ग्रांथिक भाषा दूर सारली आणि समोर बसलेल्या मुलाशी बोलावे तसे लिहिले. ही लेखनाची रीत नव्हे, असा ठपका टीकाकारांनी ठेवला; मुलांनी मात्र त्या कथा उचलून धरल्या. शाळेत जो दोष ठरला असता, तोच त्याच्या लेखनाचा गुण ठरला. पुढे त्याने दीडशेहून अधिक कथा लिहिल्या आणि त्या शंभराहून अधिक भाषांत गेल्या.

१८६७ साली ओडेन्स नगरीने आपल्या या पुत्राला सन्माननीय नागरिकत्व दिले. त्या रात्री त्याच्या गौरवार्थ सारे गाव दिव्यांनी उजळले होते. ४ ऑगस्ट १८७५ रोजी अँडरसनचे निधन झाले. त्याचा जन्मदिवस, २ एप्रिल, १९६७ सालापासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, तुमच्या वर्गातही वाचताना अडखळणारा एखादा सोबती असेल. त्याला हसण्यापूर्वी स्लागेल्सेच्या शाळेतील त्या उंच, हडकुळ्या मुलाची आठवण करा. आणि अडखळणारे तुम्ही स्वतःच असाल, तर आपली अडचण गुरुजींना वा बाईंना मोकळेपणाने सांगा. मदत मागण्यात लाज कसली? ती अँडरसननेही घेतली होती.