अल्बेरुनी आणि बुद्धिबळाचा पट

विद्यार्थी मित्रांनो, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. चौसष्ट घरांत मिळून दाणे किती? दुप्पट करीत बसलात आणि एक हातचा चुकला, की सारे गणित फसले! हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल्बेरुनी यांनी हे कोडे मोजक्या पायऱ्यांत सोडविले.

त्यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्ममधील काथ येथे झाला. हे ठिकाण आज उझबेकिस्तानात आहे. ९९५ मध्ये तेथे सत्तापालट झाला आणि बाविसाव्या वर्षी त्यांना घरदार सोडावे लागले. पण अभ्यास सुटला नाही. पुढे गुरगाण येथे आश्रय मिळाला. तेथे सुमारे १००० साली त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर ‘आसारुल बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. पटाचे गणित त्यातच आहे.

त्यांनी दोन गोष्टी हेरल्या. चौथ्या घरात ८ दाणे, तर आधीच्या तीन घरांत मिळून ७. म्हणजे कोणत्याही घरातून एक वजा केला की मागची बेरीज मिळते. तेव्हा पासष्टावे घर कल्पून तेवढेच काढले की झाले. दुसरे असे, की तिसऱ्या घरातील ४ चा वर्ग १६ हा पाचव्या घरात येतो, त्याचा वर्ग २५६ नवव्यात, त्याचा ६५,५३६ सतराव्यात, त्याचा ४,२९,४९,६७,२९६ तेहतिसाव्यात. आणखी एक वर्ग केला की पासष्टावे घर! त्यातून एक वजा करा. उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

या वीस आकडी संख्येची आणखी एक गंमत पाहा. दुसऱ्या घरातील २ आणि वरच्या पायऱ्यांवरील ४, १६, २५६, ६५,५३६ व ४,२९,४९,६७,२९६ यांत एकेक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार म्हणजे नेमकी हीच संख्या. यांपैकी शेवटची अविभाज्य असावी, असे सतराव्या शतकात फर्मासारख्या थोर गणितज्ञालाही वाटले होते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखविले.

१०१७ मध्ये महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि अल्बेरुनींना गझनीला नेले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या वयात ते पंडितांकडून संस्कृत शिकले. सुमारे १०३० मध्ये लिहिलेल्या ‘किताबुल हिंद’मध्ये त्यांनी एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची नोंद केली. सुमारे १०५० मध्ये गझनी येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, मुलाचे उत्तर बरोबर आले की आपण समाधान मानतो. ते कोणत्या वाटेने आले, हेही एकदा विचारा. आणि मित्रांनो, आज रात्री पाटी-पेन्सिल घेऊन ते पाच वर्ग स्वतः करून पाहा.