नारूचा माग काढणारा संशोधक

पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या आपल्याकडील कित्येक गावांना नारूने पिढ्यान्‌पिढ्या छळले. पायातून निघणारा हातभर लांबीचा कृमी काडीवर गुंडाळत, तुटू न देता ओढायचा, एवढाच उपाय. तो शरीरात शिरतो कसा, याचा धागा मात्र एका माशाच्या कृमीने दिला.

अलेक्सेई फेडचेन्को यांचा जन्म १८४४ मध्ये सैबेरियातील इर्कुत्स्कचा. पर्च या गोड्या पाण्यातील माशाच्या सूत्रकृमीची पिल्ले सायक्लॉप्स या जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या जलजीवात वाढतात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांना आढळले होते. नारूची पिल्लेही हुबेहूब तशीच. तेव्हा शोध तिथेच घ्यावा, असे त्यांनी फेडचेन्कोंना सुचविले. पत्नी ओल्गा यांच्यासह तुर्कस्तानच्या मोहिमेवर असलेल्या फेडचेन्कोंनी १८७० च्या सुमारास नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या शरीरात वाढताना पाहिली. वय जेमतेम सव्वीस!

पुढचा पुरावा गोळा करण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. १८७३ मध्ये माँ ब्लांच्या हिमनदीवर वादळात सापडून ते मृत्युमुखी पडले. रॉबर्ट लायपर यांनी पुढे माकडाला बाधित सायक्लॉप्स खाऊ घालून उरलेली कडी जुळविली. पाणी कापडाने गाळावे, पायऱ्यांच्या विहिरी बदलाव्यात, हे उपाय याच ज्ञानावर उभे राहिले आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मोहिमेतील संग्रहाचे प्रकाशन फेडचेन्कोंच्या पश्चात ओल्गा यांनी नेटाने पुढे नेले. त्या स्वतः नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या.