केल्विनसाहेबांचं चुकलं कुठे?

थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच टेस्टला मी 'के'च्या डोक्यावर डिग्रीचं टिंब दिलं होतं आणि सरांनी अर्धा मार्क कापला होता. केल्विन या माणसाशी माझी ती पहिली ओळख. पुढे कित्येक वर्षं ही ओळख काही वाढली नाही. २७३ मिळवायचे, गणित सोडवायचं, पान उलटायचं. हा एक हाडामांसाचा माणूस होता आणि त्याची सगळ्यात गाजलेली चूक नेमकी माझ्याच विषयातली होती, हे कळायला पीएच.डी.चं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

माझा विषय आधी सांगून टाकतो, कारण मेसमध्ये सगळे विचारतात आणि उत्तर संपायच्या आत ताट घेऊन उठतात. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसा खडक तापत जातो. खोल, गरम ग्रॅनाईटमध्ये दोन बोअर घ्यायचे, एकातून पाणी सोडायचं, ते तापून दुसऱ्यातून वर आलं की त्यावर वीज करायची. कल्पना सोपी, पण बोअर महाग! गावाकडे काळ्या पाषाणात तीनशे फूट बोअर मारताना घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. इथे मामला तीन-चार किलोमीटरचा. बिट झिजलं की सगळे पाईप एकेक करून वर काढायचे, बिट बदलायचं, पुन्हा सगळे खाली सोडायचे. आपल्याकडे कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटरचं बोअर २०१७ साली पुरं झालं. तिथे वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाईटी खडक. म्हणजे कठीण, आणि त्याखाली आणखी कठीण.

तर बिटवरचा भार, फेरे, टॉर्क, मडचा दाब या नोंदींवरून पुढचा खडक किती वेगाने कापला जाईल हे कॉम्प्युटरला शिकवायचं, हे माझं काम. अमेरिकेत युटामध्ये फोर्ज नावाचा प्रकल्प आहे. त्यांनी गरम ग्रॅनाईटमध्ये बोअर घेतले आणि नोंदी सगळ्या जगाला खुल्या करून टाकल्या. मी त्यांच्याच जिवावर जगतो.

गेल्या पावसाळ्यात माझं मॉडेल फारच छान चालायला लागलं. आलेखावरचे ठिपके रेषेला मुंगळ्यासारखे चिकटलेले. मी घाईघाईने एका कॉन्फरन्सला पेपरही पाठवून दिला, गाईड मॅडमचं नाव घालून. मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला, काही बोलल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत केल्विनचं पृथ्वीच्या वयाचं गणित करून आण, एवढंच सांगितलं. मला ती शिक्षा वाटली.

केल्विन हे त्यांचं मूळ नाव नव्हेच. विल्यम थॉमसन, जन्म बेलफास्टचा, २६ जून १८२४. सहाव्या वर्षी आई गेली. वडील गणिताचे मास्तर. त्यांना ग्लासगोला प्राध्यापकी मिळाली तसं सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं आणि दहाव्या वर्षी या पोराचं नाव विद्यापीठात दाखल झालं. आपण दहाव्या वर्षी काय करत होतो ते ज्याचं त्याने आठवावं.

पंधरा-सोळाव्या वर्षी फूरिए या फ्रेंच गणितीचं उष्णतेवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि पंधरवड्यात त्याने ते पचवलं. (आपण ज्याच्या सिरीजला एम-थ्रीत घाबरतो तोच हा फूरिए!) १८४० च्या उन्हाळ्यात वडील मुलांना जर्मन शिकायला जर्मनीत घेऊन गेले आणि इतर अभ्यास बंद अशी सक्त ताकीद दिली. पठ्ठ्या फ्रँकफर्टच्या घरात तळघरात लपून फूरिए वाचायचा! एडिंबरोचे प्राध्यापक केलंड यांनी फूरिएची गणितं बहुतेक चुकीची ठरवली होती. चूक फूरिएची नसून केलंड यांचीच आहे हे या मुलाने मांडलं. तो लेख १८४१ साली केंब्रिजच्या गणिताच्या मासिकात छापून आला, पी. क्यू. आर. या टोपणनावाने. वय सतरा पूर्ण नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केंब्रिजला तो सेकंड रँग्लर झाला. पहिला आला तो पार्किन्सन नावाचा विद्यार्थी, आणि त्याचं नाव आज कोणाला आठवत नाही. १८४६ साली, बाविसाव्या वर्षी, ग्लासगोला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तिथल्या प्रवेशाच्या प्रबंधाचा विषय होता पृथ्वीच्या पोटातली उष्णता कशी पसरलेली आहे हा. म्हणजे आमच्या खात्याचे मूळ पुरुष तेच!

पुढची बरीच वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात आहेत. १८४८ साली निरपेक्ष तापमान. १८५२ साली उष्णता उलटी चढवणाऱ्या यंत्राची कल्पना, म्हणजे आजचा हीट पंप. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून संदेश का रेंगाळतो याचा हिशोब त्यांनी फूरिएच्याच समीकरणाने केला. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच मेली, कारण व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थांनी तिला जबर व्होल्टेज दिलं. थॉमसन यांचं म्हणणं होतं की करंट बारीक ठेवा आणि ओळखणारं यंत्र नाजूक करा. १८६६ साली केबल टिकली आणि ते सर झाले. भरती-ओहोटी आधीच वर्तवणारं चाकांचं नि कप्प्यांचं यंत्रही त्यांच्याच डोक्यातलं. त्याच तत्त्वावर १८७९ साली भारत सरकारसाठी यंत्र झालं, आणि मुंबईसकट आपल्या बंदरांची कोष्टकं त्यातून निघू लागली. ते यंत्र म्हणजे कॉम्प्युटरचा आजोबाच म्हणा ना.

आता मुद्द्यावर येतो. १८६० च्या अखेरीस थॉमसन बर्फावर घसरून पडले, पाय मोडला, जन्मभर लंगडत चालले. त्यानंतर दीड वर्षातच, १८६२ साली, त्यांनी पृथ्वी थंड कशी झाली यावर निबंध वाचला. पृथ्वी आधी वितळलेला गोळा, तापमान ७००० फॅरनहाइट. मग ती गोठली आणि तेव्हापासून बाहेरून आत निवत चालली आहे. खाणींतून नि बोअरमधून दिसत होतं की दर पन्नास फुटांना साधारण एक अंश फॅरनहाइट वाढतो. खडकातून उष्णता किती वेगाने सरकते हा आकडा एडिंबरोतून आला. तिथल्या कॅल्टन टेकडीच्या खडकात फोर्ब्ज यांनी पंचवीसेक फूट खोलवर थर्मामीटर पुरले होते. त्या खडकाचं नाव ट्रॅप, आपल्या डेक्कन ट्रॅपमधलाच ट्रॅप!

सुट्टीत मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सुरुवातीच्या तापमानाचा वर्ग घ्यायचा. त्याला पाय, डिफ्युजिव्हिटी आणि ग्रेडियंटचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचं. केल्विन यांचं उत्तर ९ कोटी ८० लाख वर्षं. माझं साडेनऊ कोटी आलं, इकडेतिकडे. आकडेमोडीत काडीची चूक नाही. मोजमापं कच्ची असतील म्हणून त्यांनी स्वतःच २ कोटी ते ४० कोटी अशी ऐसपैस मर्यादा ठेवली होती. आज आपल्याला माहीत असलेलं वय ४५४ कोटी वर्षं. मर्यादेच्या पार बाहेर!

या आकड्याने डार्विनची झोप उडवली, कारण उत्क्रांतीला एवढा वेळ पुरत नव्हता. भूगर्भशास्त्रज्ञ कुरकुरत होते, पण केल्विनसमोर गणित मांडणार कोण? १८९२ साली ते लॉर्ड झाले आणि ग्लासगोच्या नदीवरून केल्विन हे नाव घेतलं.

मांडलं ते जॉन पेरी यांनी. हे इंजिनियर, जपानमध्ये शिकवून आलेले, आणि एके काळी केल्विन यांच्याच प्रयोगशाळेतले असिस्टंट. गुरूंवर अपार भक्ती. १८९४ मध्ये त्यांनी आधी खाजगी पत्रं लिहिली, विनवण्या केल्या, आणि १८९५ साली नाइलाजाने 'नेचर'मध्ये छापलं. मुद्दा असा की पृथ्वीच्या पोटातली उष्णता नुसती खडकातून झिरपत वर येते, हे गृहीत धरलंय कोणी?

मेसच्या भाषेत सांगतो. भाताचं पातेलं उतरवलं की वरचा थर गार पडतो आणि गारवा हळूहळू आत शिरतो. आमटीचं तसं नाही, आतली गरम आमटी वर येत राहते आणि वरचा थर बराच वेळ गरम लागतो. आता आमटीला बोट लावून तुम्ही भाताचं गणित केलंत, तर पातेलं आत्ताच उतरवलं असंच उत्तर येणार. पृथ्वी आतून आमटीसारखी हलती असेल, तर वय सहज २००-३०० कोटी निघतं, असं पेरींनी दाखवलं.

केल्विन यांनी ऐकलं नाही. उलट १८९७ साली वय आणखी खाली आणलं, २ ते ४ कोटी. सतराव्या वर्षाआधी ज्याने प्रोफेसरांची चूक काढली, त्याला सत्तरीत आपल्याच असिस्टंटने दाखवलेली दिसू नये... मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून यावर पुष्कळ विचार केला. अहंकार म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं, उत्तर तीसेक वर्षं इतकं चोख येत होतं की गृहीतकाकडे वळून पाहायची त्यांना गरजच वाटली नाही.

आणि मग मी माझ्या आलेखाकडे वळून पाहिलं. मी एकाच बोअरच्या सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवल्या होत्या. पण शेजारशेजारच्या नोंदी म्हणजे तोच खडक, तेच बिट. परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वरच्या-खालच्या नोंदीत लिहिलेलंच होतं. प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे, हे मी गृहीत धरलं होतं आणि कुठे लिहिलंही नव्हतं. दुसरं बोअर अख्खं बाजूला ठेवून त्यावर चालवलं, तर ग्रॅनाईट लागताच मॉडेल सपशेल आडवं!

सुट्टी संपल्यावर मॅडमच्या केबिनबाहेर मी चक्क दोन दिवस घुटमळलो. तिसऱ्या दिवशी आत जाऊन सांगितलं. त्यांनी पेपर मागे घ्यायचा मेल माझ्याकडूनच टाइप करून घेतला आणि चहा मागवला. त्यांना बहुधा आधीच ठाऊक होतं. मॉडेल अजून ग्रॅनाईटशीच अडलंय.

केल्विन यांचं पुढे काय झालं? १८९६ मध्ये रेडिओअॅक्टिव्हिटी सापडली आणि १९०३ मध्ये रेडियम सतत उष्णता देतं हे दिसलं. पुष्कळ पुस्तकांत केल्विन यांची चूक म्हणजे हीच असं लिहितात. पण ती उष्णता गणितात घातली तरी उत्तर फारसं हलत नाही, खरा घोळ पेरींनी दाखवला तिथेच होता, हे २००७ साली भूशास्त्रज्ञांनी पुन्हा मांडून दाखवलं. १९०४ साली रदरफोर्ड लंडनला यावर बोलायला उभे राहिले तर समोर ऐंशीचे केल्विन! म्हातारबुवा झोपले म्हणून रदरफोर्ड निश्चिंत झाले, तेवढ्यात नेमक्या मुद्द्यावर डोळा उघडला. प्रसंग ओळखून रदरफोर्डनी सांगून टाकलं की उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तरच, अशी अट लॉर्डसाहेबांनी आधीच घातली होती. म्हातारा खुलला. १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले. वेस्टमिन्स्टर अॅबीत, न्यूटनजवळ पुरलं.

एक सांगायचं राहिलंच. ५३ वर्षं शिकवून १८९९ साली त्यांनी प्राध्यापकी सोडली, आणि लगेच त्याच विद्यापीठाच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव घातलं, रिसर्च स्टुडंट म्हणून. वय ७५. होस्टेलची रूम मागितली होती की नाही, ते काही कळत नाही.