अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि गरिबाची पत

समाजाच्या प्रगतीची चर्चा निघाली की आपण शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार प्रथम करतो. तो योग्यच आहे. पण शिक्षण घ्यायचे तर फी भरावी लागते, धंदा काढायचा तर भांडवल लागते, आणि घरात आजारपण आले तर हाताशी चार पैसे असावे लागतात. ते नसले की माणूस कर्ज काढतो. कर्ज काढणे हा दोष नव्हे. ते कोणाकडून, कोणत्या दराने आणि कशासाठी काढले, यावर त्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. या साध्या गोष्टीवर ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्या प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा परिचय पालकांना आणि विद्यार्थ्यांना व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात घेऊन ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी भारतातील उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक वर्षे महाविद्यालयांतून अभ्यासला गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी असा मान मिळालेल्या तरुणास सरकारी अधिकाराच्या वाटा मोकळ्या होत्या. परंतु ते शिक्षणक्षेत्राकडे वळले आणि काही वर्षे सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव झाले. ते पद त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे सांभाळले.

या संस्थेच्या कामाची रीत वेगळी होती. पुस्तकांवरून पुस्तके लिहिण्यापेक्षा घरोघर आणि बाजारोबाजार जाऊन माहिती गोळा करावी, तिची नीट मांडणी करावी आणि मगच मत द्यावे, असा धनंजयरावांचा कटाक्ष असे. पुण्याच्या फळबाजाराची त्यांनी पाहणी केली. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च तपासला. पुणे शहरातील कुटुंबांची सामाजिक व आर्थिक पाहणी केली. बागायतदाराच्या मळ्यातून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत मधल्या माणसांचा वाटा किती, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे. आपल्या वाशीच्या बाजार समितीत रोज उतरणारा कांदा, बटाटा आणि फळे पाहिली म्हणजे हा प्रश्न अजून जुना झालेला नाही, हे ध्यानात येते.

आता त्या काळच्या शेतकऱ्याची स्थिती पाहू. सावकारी पाशाचा इतिहास महाराष्ट्रात मोठा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. परंतु सावकाराला नुसता धाक घालून भागत नाही, कारण पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बियाण्यासाठी पैसा लागतोच, आणि दुसरे दार नसेल तर तो पुन्हा त्याच दारात जातो. ते दुसरे दार उघडण्यासाठी १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जर्मनीत रायफायझन या गृहस्थाने खेड्यातील गरिबांच्या परस्परांच्या जामिनावर चालणाऱ्या ज्या पतपेढ्या काढल्या होत्या, त्यांचा आदर्श या कायद्यापुढे होता. एकट्या गरिबाला कोणी पत देत नाही. पण दहा-वीस माणसे एकमेकांची हमी घेऊन उभी राहिली तर त्यांची पत तयार होते, हे त्यातील मर्म.

पन्नास वर्षांनंतर या चळवळीचे फळ काय, हे तपासण्यासाठी रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणी हाती घेतली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत धनंजयराव सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे तपासली गेली. अहवाल १९५४ मध्ये आला. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांनी पुरवलेले रुपये जेमतेम तीन होते. व्यापारी बँकांचा वाटा तर एक रुपयाही नव्हता. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून सत्तर रुपयांच्या घरात होते.

असे आकडे पाहून दुसऱ्या कोणी सहकाराची वाट सोडून द्या, असे म्हटले असते. समितीने अपयश स्पष्ट कबूल केले, पण ही वाट यशस्वी केल्यावाचून गत्यंतर नाही असाच निष्कर्ष काढला. उपायही नेमके सांगितले. सरकारने संस्थांच्या भागभांडवलात वाटा घ्यावा. जमिनीचे तारण पाहून कर्ज देण्याऐवजी उभे राहणारे पीक पाहून द्यावे. कर्ज आणि मालाची विक्री यांची सांगड घालावी, म्हणजे पीक विकले की कर्ज आपोआप फिटेल. गोदामे बांधावीत. सेवकांना प्रशिक्षण द्यावे. याच अहवालाच्या शिफारशीतून इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली आणि तिच्यावर लहान गावांत शाखा उघडण्याची जबाबदारी आली.

धनंजयराव केवळ अहवाल लिहून थांबणारे नव्हते. नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने १९२३ पासून पतपेढी चालवली होती. स्वातंत्र्यानंतर तेथे ऊस उत्पादकांचा स्वतःचा साखर कारखाना काढावा असे ठरले, तेव्हा विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग जमवले आणि धनंजयराव प्रवरा कारखान्याचे अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शेतकऱ्यांच्या सभेत बसून हिशेब समजावून सांगावेत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचाही आधार मिळाला. १९५०-५१ च्या हंगामात कारखाना सुरू झाला. भागधारक, ऊस पुरवणारा आणि मालक हे तिन्ही एकच, ही कल्पना प्रवरेने खरी करून दाखवली आणि पुढे महाराष्ट्रभर तिचे अनुकरण झाले.

१९६६-६७ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ मध्ये केंद्रीय नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. केंद्राची मदत राज्यांना कोणत्या प्रमाणात वाटावी, याचे त्यांनी आखलेले सूत्र गाडगीळ सूत्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात साठ टक्के भार लोकसंख्येला होता आणि दहा टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांसाठी राखला होता. वाटप मर्जीवर न ठेवता नियमावर आणले, हे त्याचे महत्त्व.

बँकांच्या बाबतीत त्यांचे शेवटचे मोठे काम १९६९ चे. त्या वर्षी १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पण बँक सरकारी झाली म्हणजे ती गरिबाच्या दारी पोचली असे होत नाही. धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने दाखवले की, बँका मोठ्या शहरांत दाटीने उभ्या आहेत आणि खेड्यांपैकी शंभरात एकातही व्यापारी बँकेची शाखा नाही. म्हणून क्षेत्रवार पद्धत घ्यावी, प्रत्येक जिल्ह्याच्या गरजा प्रथम तपासाव्यात आणि त्यानुसार योजना आखावी, असे त्यांनी सुचवले. यातूनच डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली. आपली नवी मुंबई ठाणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. ठाण्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आणि रायगडची बँक ऑफ इंडिया, ही व्यवस्था त्या विचाराचेच फळ होय.

नियोजन मंडळातून मुक्त झाल्यानंतर अल्पावधीतच, ३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचे निधन झाले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव. पश्चिम घाटासंबंधीचा २०११ चा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. वडिलांनी माणसाच्या पतीबरोबर तिच्या नियोजनाचा विचार केला, मुलाने जमीन, पाणी आणि रान यांच्या जपणुकीचा. विकास टिकायचा असेल तर दोन्ही हवेत.

धनंजयरावांच्या मार्गात उणिवा नव्हत्या असे म्हणता येणार नाही. सहकारी संस्थांचा लाभ जमीन असणाऱ्यास अधिक मिळाला. भूमिहीन मजूर, कारागीर आणि स्त्रिया बराच काळ बाहेरच राहिल्या. पुष्कळ संस्था मूठभर पुढाऱ्यांच्या हाती गेल्या, काही नागरी सहकारी बँका बुडाल्या आणि ठेवीदारांचे हाल झाले. ज्या संस्थेचे सभासद वार्षिक सभेस जात नाहीत आणि ताळेबंद वाचत नाहीत, तिचे असेच होते. बाहेर राहिलेल्यांसाठी पुढे वेगळे मार्ग निघाले. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने गरीब स्त्रियांना विनातारण लहान कर्जे दिली आणि २००६ मध्ये दोघांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडले.

आपल्या समाजापुरते पाहिले तर १९३९ मध्ये मुंबईत बॉम्बे मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली, ती याच सहकारी मार्गाने. तरीही बँकांच्या कर्जात मुसलमानांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. याची कारणे अनेक आहेत, आणि त्यातली काही आपल्या हातची नाहीत. व्याजासंबंधी प्रत्येकाची आपापली श्रद्धा असते, तिचा आदर आहेच. परंतु खाते उघडणे, बचत करणे, हिशेब लिहून ठेवणे, कागदपत्रे जपणे आणि शिकणाऱ्या मुलांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळासारख्या संस्थांच्या योजनांची वेळेवर चौकशी करणे, हे आपल्या हातचे आहे. वेळ टळली की मग गल्लीतल्या सावकाराचेच दार उरते.

विद्यार्थी मित्रांनो, धनंजयरावांपाशी ना मोठी इस्टेट होती, ना फौज. अभ्यास होता, आणि त्या अभ्यासाचा उपयोग ज्यांना कोणी उधार देत नाही त्यांच्यासाठी करण्याची तळमळ होती. तुमच्यातील कोणी वाणिज्य किंवा अर्थशास्त्र घेणार असेल, तर सुरुवात स्वतःच्या वस्तीपासून करावी. किती घरांत कर्ज आहे, ते कोणाचे आणि कशासाठी, हे नावे न फोडता, आस्थेने विचारून वहीत मांडावे. गोखले संस्थेचे काम असेच सुरू झाले होते. तसे झाले तर पुढील पिढीतील एखादे मूल तरी फीच्या पैशावाचून शाळा सोडणार नाही.